दुसरा घाव ओळखायचा कसा

सेंटचा रोल फोडलास की आधी साल बघायचं, मग सालाखालचं अक्षर, आणि भाव अगदी शेवटी. तू पाठवतेस त्या प्रत्येक फोटोखाली ‘मामा, याचे किती येतील?’ एवढंच लिहिलेलं असतं. अक्षर असं दुहेरी का दिसतंय, हा प्रश्न अजून एकाही नाण्याबद्दल आलेला नाही. डेन्व्हरला राहतेस, टांकसाळीवरून येतेस-जातेस, आणि त्या टांकसाळीचं अक्षर नाण्यावर कसं यायचं हे तुला ठाऊक नसावं, हे मला बरं वाटेना. म्हणून सगळं एकदा नीट सांगून ठेवतो. यातलं निम्मं मला टूलरूमनं शिकवलं, निम्मं जुन्या संग्राहकांनी. माझ्यामागे ते तुझ्याकडे राहावं.

अमेरिकेत नाण्याच्या डाय, म्हणजे ज्या पोलादी ठशांनी नाणं छापतात ते ठसे, फिलाडेल्फियाला बनायचे. नाणं पुढे डेन्व्हरला पडो की सॅन फ्रान्सिस्कोला, डाय फिलाडेल्फियाचीच. लिंकनचा चेहरा, साल, वरची ओळ हे सगळं एका उठावदार हबवरून दाबून डायमध्ये उतरवलं जाई. चित्र सगळ्या टांकसाळींना एकच, त्यामुळे हबवर टांकसाळीचं अक्षर ठेवून चालणार नव्हतं. ते अक्षर, ज्याला आपण संग्राहक मंडळी सरळ मिंट मार्क म्हणतो, सगळ्यात शेवटी पडायचं. डाय अजून नरम असताना, कडक करायला भट्टीत जाण्याआधी, एक माणूस हातात पंच धरायचा आणि हातोडीनं ठोकायचा. डेन्व्हरच्या डायवर डी, सॅन फ्रान्सिस्कोच्या डायवर एस. त्याआधी न्यू ऑर्लिन्सला ओ आणि कार्सन सिटीला दोन सी. १८३८ साली शार्लट, डालोनेगा आणि न्यू ऑर्लिन्स या शाखा सुरू झाल्या तेव्हापासून ही रीत चालली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत. जुन्या सोन्याच्या नाण्यावर डी दिसला तर तो डालोनेगाचा असतो, एवढं मात्र लक्षात ठेव. तुझ्या डेन्व्हरचा डी १९०६ पासूनचा.

आता पंचाकडे ये, कारण सगळी गोष्ट तिथेच घडते.

पंच म्हणजे बोटभर लांबीची पोलादी कांडी. एका टोकाला अक्षर कोरलेलं, दुसरं टोक हातोडीचे घाव खाऊन पसरलेलं. आमच्या टूलरूममधल्या पंचावर अक्षर उलटं असायचं, कारण जॉबवर ते सरळ वाचलं गेलं पाहिजे. टांकसाळीच्या पंचावर अक्षर सरळ असे. डायमध्ये ते उलटं आणि खोल उतरे, आणि त्या डायनं छापलेल्या नाण्यावर पुन्हा सरळ आणि उठावदार येई. डायमध्ये जे खोल, ते नाण्यावर उंच. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मला शिकवणारे मिस्त्री सांगायचे, पहिला घाव जागा धरायला, दुसरा खोली द्यायला, आणि मधे पंच हलता कामा नये. पहिल्या हलक्या घावानं नरम पोलादात अक्षराचं उथळ घर तयार होतं. कडेनं धातू किंचित वर येतो, बोटाला लागतो. पंच त्या घरात बसलाय की नाही हे डोळ्याला दिसत नाही, कारण पंचानंच जागा झाकलेली असते. ते हाताला कळतं. पंच जरासा फिरवून बघायचा. घरात बसला असेल तर तो अडतो. पण पहिला घाव फारच हलका पडला असेल तर घर एवढं उथळ राहतं की पंच अडतच नाही. तो केसभर बाजूला बसतो, आपल्याला वाटतं बसला, आणि आपण जोरात ठोकतो. झालं. एका अक्षराच्या अंगावर दुसरं अक्षर. आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत, दाण्याएवढं अक्षर, दिवसभर एकामागून एक डाय. हात कधीतरी चुकणारच. कधी हातोडी लागल्यावर पंच उसळायचा आणि स्वतःच दुसरा ठसा सोडायचा. कधी अक्षर फिकं पडलं म्हणून नंतर पुन्हा ठोकलं जायचं. कधी जागा चुकायची आणि योग्य जागी नव्यानं ठोकावं लागायचं. या सगळ्याचं नाव एकच, रीपंच्ड मिंट मार्क. संग्राहक त्याला आरपीएम म्हणतात.

दुसरा घाव पहिल्या घराच्या भिंती आत ढकलतो. म्हणून नाण्यावर दोन पूर्ण अक्षरं शेजारी-शेजारी सहसा दिसत नाहीत. जुन्या अक्षराचा उरलेला तुकडा तेवढा दिसतो. डी असेल तर तीन जागा बघ. उभ्या दांड्याच्या डाव्या अंगाला एक बारीक समांतर रेघ आहे का, वरच्या किंवा खालच्या टोकाला खाच पडून टोक दुभंगलंय का, आणि पोटाच्या पोकळीत एखादी कमान दिसते का. पोटातली कमान सगळ्यात भरवशाची, कारण तिथे बाहेरचा मार सहज पोचत नाही. एसचं जरा अवघड असतं. त्याची वरची आणि खालची टोकं बघायची आणि दोन्ही वळणांच्या आतली जागा. एसच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी फाट दिसली की भिंग जवळ ओढ.

क्वचित दोन्ही अक्षरं सुटी सापडतात. १९५६ च्या डेन्व्हर सेंटमध्ये एका डायवर डी बराच खाली पडला होता, मग तो योग्य जागी पुन्हा ठोकला गेला. त्या नाण्यावर खऱ्या डीच्या खाली एक वेगळा, फिकट डी दिसतो. आणि १९०९ च्या सॅन फ्रान्सिस्को सेंटचा एक प्रकार तर पाहण्यासारखाच. तिथे एस आधी चक्क आडवा ठोकला गेला. चूक ध्यानात आल्यावर त्यावर उभा एस मारला. उभ्या एसच्या पोटातून आडव्या एसची वळणं डोकावतात. १९४२ च्या डेन्व्हर निकेलवर अशीच आडव्या डीवर उभा डी, आणि १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को डाइमवर आडव्या एसवर उभा एस. पंच गोल कांडीचा असला की हातात फिरतो, हे ज्यानं कधी पंच धरलाय त्याला सांगावं लागत नाही.

कॅटलॉगमध्ये या प्रकारांना दिशा दिलेल्या असतात. डीवर डी उत्तर, एसवर एस नैर्ऋत्य, असं. उत्तर म्हणजे नाणं सरळ धरलं असता वर. दिशा नेहमी फिकट अक्षराची सांगतात, ठळक अक्षराच्या तुलनेत. कधी तीन-तीन घावही असतात, मग डी-डी-डी. दिशा नाण्यावरून मोजतात, डायवरून नाही. डायमध्ये पूर्व-पश्चिम उलटी होते, उत्तर-दक्षिण तशीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू पाठवलेल्या फोटोंतली बहुतेक दुहेरी अक्षरं आरपीएम नाहीत. ती छापताना झालेली आहेत. प्रेसमध्ये डाय जराशी सैल असली की नाणं छापून झाल्या क्षणी ती थरथरते किंवा सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक कड दाबून सपाट करते. याला मशीन डबलिंग म्हणतात. हे डायमध्ये नसतं, त्या एका नाण्यापुरतं असतं, आणि संग्राहक त्याचे जादा पैसे मोजत नाहीत. ओळखायचं कसं? मशीन डबलिंगची दुसरी कड सपाट असते, जमिनीलगत असते आणि चकाकते, पायरी काढल्यासारखी. तिथे अक्षराचंच अंग दाबलं गेलेलं असतं, म्हणून मूळ अक्षर बारीक होतं. आरपीएममध्ये डायमध्ये जास्तीचा खड्डा पडलेला असतो, म्हणून नाण्यावर जास्तीचा उठाव येतो. त्याची पाठ गोलसर असते आणि अक्षर जाड होतं. बारीक झालं की मशीन, जाड झालं की पंच.

एवढ्यानं समाधान झालं नाही तर शेजाऱ्यांना विचार. म्हणजे सालाचे आकडे बघ. आकड्यांच्याही त्याच बाजूला तशीच सपाट पायरी असेल तर निकाल लागला, ते मशीन डबलिंग. पंच फक्त अक्षरावर पडला होता, सालावर नाही. मग साल दुहेरी आणि अक्षर एकेरी असं असेल तर? तर जागी हो. १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्को सेंटचा जो प्रसिद्ध डबल्ड डाय आहे, त्यात साल आणि वरची ओळ ठसठशीत दुहेरी आहे, पण एस एकेरी आहे. चित्र हबवरून डायमध्ये उतरताना दुहेरी झालं, आणि एस त्यानंतर हातानं, वेगळा, एकदाच ठोकला गेला. १९६९-एस सेंटवर साल आणि एस दोन्ही दुहेरी दिसले तर ते मशीन डबलिंग समज आणि नाणं बाजूला ठेव. अशी नाणी इंटरनेटवर डबल्ड डाय म्हणून विकायला ठेवलेली असतात. दुकानदाराशी वाद घालत बसू नकोस, घ्यायचं नाही एवढंच.

अजून दोन फसवे प्रकार आहेत. १९८२ च्या मधे सेंटचा धातू बदलला. आधी पंच्याण्णव टक्के तांबं होतं आणि वजन ३.११ ग्रॅम, नंतर आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. या जस्ताच्या सेंटवर छापताना मुलामा अक्षराच्या कडेला फाटतो आणि चंदेरी रेघ दिसते. ती रेघ पुष्कळांना दुसरं अक्षर वाटते. तो नुसता फाटका मुलामा. तुझ्या स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घे, नाणं तोल, जस्ताचं निघालं तर दुप्पट सावध हो. दुसरा प्रकार म्हाताऱ्या डायचा. फार नाणी छापून डाय थकली की अक्षरांच्या कडा पसरतात, सुजल्यासारख्या दिसतात. त्यात खाच नसते, स्पष्ट रेघ नसते, नुसती धूसर फुगवटी असते.

बघताना नाणं फिरव, दिवा फिरवू नकोस. एकच दिवा, बाजूनं, जरा खालून येणारा उजेड. सात ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. त्याहून मोठ्या भिंगात डाग आणि ओरखडेही अक्षरं वाटायला लागतात. एकदा बघितलं की नाणं पाव वळसा फिरवून पुन्हा बघ. उजेडाची रेघ जागा बदलते, धातूची रेघ जागा बदलत नाही. नाणं कडेनं धर. आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच, नाणं घासू नकोस. चिंच, लिंबू, दंतमंजन, रांगोळीची पूड, काहीही नको. आजीच्या हाताला समई चकचकीत करायची सवय होती आणि ती तुझ्या हातात उतरली आहे, हे मी बघितलंय. नाण्यावर जुन्या प्लॅस्टिक पाकिटाचा हिरवट चिकट थर असला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेव, न पुसता सुकव, आणि ते काम खिडकी उघडून, गॅसपासून लांब कर. यापलीकडे काही करायचं नाही.

कुठली सालं चाळायची? १९८५ पासून प्रूफ नाण्यांचं अक्षर मूळ डायवरच गेलं. १९९० पासून सेंट आणि निकेलचं, १९९१ पासून डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलरचं. तेव्हापासून अक्षर हातानं ठोकलंच जात नाही, म्हणजे आरपीएमचा संभवच नाही. त्यानंतरच्या सालाचं नाणं कुणी आरपीएम म्हणून दाखवलं तर हसून परत दे. १९६५, १९६६ आणि १९६७ या तीन सालांत नाण्यांची टंचाई होती आणि अक्षर मुद्दामच काढून टाकलं होतं, तीही सोड. फिलाडेल्फियाच्या सेंटवर तर २०१७ हे एक साल सोडलं तर पी कधी नव्हताच. राहिलं काय, तर १९०९ ते १९६४ आणि १९६८ ते १९८९. पैकी गव्हाच्या लोंब्या मागे असलेले, १९५८ पर्यंतचे सेंट तुझ्यासारख्या नवशिक्याला सगळ्यात फलदायी. १९४३ चे पोलादी सेंटही चाळ. त्या सालाच्या डेन्व्हर सेंटमध्ये एक आरपीएम एवढा ठळक आहे की तुला भिंगही फारसं लागणार नाही. जेफरसन निकेलमध्ये अक्षर १९६४ पर्यंत मागच्या बाजूला, इमारतीच्या उजवीकडे असतं. युद्धकाळातल्या चांदीमिश्रित निकेलवर ते घुमटावर मोठं असतं. १९६८ पासून पुढच्या बाजूला. जागा माहीत नसली की माणूस भलत्याच ठिकाणी भिंग लावून बसतो.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ लावणारा भाग. एका टांकसाळीच्या अक्षरावर दुसऱ्या टांकसाळीचं अक्षर. याला ओव्हर मिंट मार्क म्हणतात. इथे हात नुसता हललेला नसतो, तर डायचं ठिकाणच बदललेलं असतं.

१९३८ ची गोष्ट घे. त्या वर्षी बफेलो निकेल बंद होऊन जेफरसन निकेल सुरू व्हायचं होतं. त्या सालाची बफेलो निकेल फक्त डेन्व्हरला पडली. पण सॅन फ्रान्सिस्कोसाठी एस ठोकलेल्या डाय तयार होत्या. चांगलं पोलाद टाकून कसं द्यायचं? एसवर डी मारला आणि डाय डेन्व्हरला धाडल्या. हे १९६२ पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे चोवीस वर्षं ती नाणी लोकांच्या खिशात, गल्ल्यात, संग्रहात होती आणि डीच्या खालचा एस कुणी पाहिला नव्हता. १९३८ चं सॅन फ्रान्सिस्कोचं बफेलो निकेल अस्तित्वातच नाही. जे नाणं कधी पडलंच नाही, त्याची खूण दुसऱ्या नाण्याच्या पोटात शिल्लक आहे.

तसंच १९५५ चं निकेल. सॅन फ्रान्सिस्कोनं त्या वर्षी नाणी पाडणं थांबवलं. निकेलं तर त्या सालाची तिथे पडलीच नाहीत. एस मारलेल्या डायवर डी आला. या प्रकाराच्या एकाहून अधिक डाय माहीत आहेत, त्यामुळे तुला रोलमध्ये सापडण्याची आशा बाळगायला हरकत नाही. १९४४ च्या डेन्व्हर सेंटमध्ये एका डायवर डीच्या डोक्यावर एसची वरची कमान स्पष्ट दिसते. १९०० च्या न्यू ऑर्लिन्सच्या मॉर्गन डॉलरवर ओच्या खाली दोन सी आहेत. कार्सन सिटीनं १८९३ मध्येच नाणी पाडणं सोडलं होतं, तिच्या उरलेल्या डाय परत येऊन त्यावर ओ ठोकले गेले. आणि १९५० च्या क्वार्टरमध्ये तर दोन्ही बाजूंनी झालं. एका डायवर एसवर डी, दुसऱ्या डायवर डीवर एस. त्या वर्षी त्या खोलीत काय गडबड चालली होती ते नाण्यांनी सांभाळून ठेवलंय.

ओव्हर मिंट मार्क बघताना आधी वरचं अक्षर डोळ्यांत पक्कं बसव, मग त्याला मनातून वजा कर. उरलेलं वळण डीचं असेल तर ते आरपीएम. एसचं वळण डीला कुठेच बसत नाही, म्हणून उरलेली रेघ डाव्या बाजूला वाकडी आणि मधून तिरपी गेली की थांब आणि नीट बघ.

हातानं ठोकलं जायचं म्हणून कधी ठोकायचं राहूनही जायचं. १९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या काही डाइमवर पी नाही. १९७५ च्या प्रूफ डाइमवर एस नसलेली तर आजवर दोनच ज्ञात आहेत. मात्र १९२२ चा अक्षर नसलेला सेंट यात मोजू नकोस. त्या साली सेंट फक्त डेन्व्हरला पडले, डी ठोकलेला होता, पण डाय झिजून आणि घासली जाऊन तो पुसला गेला. कारण वेगळं, म्हणून प्रकार वेगळा.

हातानं अक्षर ठोकण्याचा एक मोठा उपकार आपल्यावर आहे. प्रत्येक डायवर अक्षराची जागा थोडी वेगळी पडते, आणि म्हणून खोटं नाणं पकडता येतं. १९०९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा व्ही डी बी सेंट फक्त ४,८४,००० पडला. त्यामुळे फिलाडेल्फियाच्या सेंटवर एस चिकटवून तो बनवणारे पुष्कळ. पण खऱ्या नाण्याच्या पुढच्या बाजूच्या चारच डाय माहीत आहेत आणि त्या चारींवर एस कुठे बसतो हे छापून आलेलं आहे. पाचव्या जागी बसलेला एस दिसला तर ते नाणं खोटं. १९१६ चं डेन्व्हर डाइम २,६४,००० पडलं, त्याचीही तीच तऱ्हा. चिकटवलेल्या अक्षराच्या बुडाशी भिंगातून बारीक सांधा दिसतो. खऱ्या अक्षराचं बूड जमिनीत वितळल्यासारखं मिसळलेलं असतं. १९१४ च्या डेन्व्हर सेंटची युक्ती वेगळी असते, १९४४ चा पहिला चार खरवडून एक करतात. लिंकनच्या खांद्याखाली व्ही डी बी ही बारीक अक्षरं बघ. ती १९१८ मध्ये तिथे आली. १९१४ च्या नाण्यावर ती दिसली तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आपल्याकडचं काय, असं तू विचारशीलच. आपल्या नाण्यांवर सालाखाली मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका असतो आणि कोलकात्याला काहीच नसतं, हे तुला मी लहानपणीच दाखवलं होतं. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये इंग्रजांचे सोन्याचे सॉव्हरिनही पडले, त्यावर इंडियाचा आय आहे. आणि माझ्याकडच्या शिवराईवर ‘छत्रपति’ अक्षरं दुहेरी दिसतात म्हणून तू तिलाही आरपीएम म्हणालीस, ते मात्र सुधारून घे. शिवराई हातानं छापायची. कारागिरानं तांब्याच्या तुकड्यावरच दोन घाव घातले आणि तुकडा मधे हलला. तिथे दुसरा घाव नाण्यावर आहे. आरपीएममध्ये दुसरा घाव डायवर आहे, आणि त्या डायनं पुढे छापलेल्या लाखो नाण्यांवर तो जसाच्या तसा येतो.

म्हणूनच एक नाणं सापडलं की तसंच दुसरं शोधायचं. दोन्हींवर फिकट रेघ तंतोतंत त्याच जागी असली तर ती डायमध्ये आहे हे पक्कं झालं. त्याशिवाय डायच्या इतर खुणा टिपून ठेव, म्हणजे पार्श्वभूमीवरचा एखादा ओरखडा, कडेजवळचा बारीक तडा. त्या खुणांवरून पुढे झिजलेलं नाणंही ओळखता येतं. डाय नवी असताना छापलेल्या नाण्यावर जुनं अक्षर खणखणीत दिसतं. डाय थकली की तेच आधी पुसट होत जातं, कारण ते उथळ होतं. एकाच डायचं सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन नाणी शेजारी ठेवलीस तर तुला हे न सांगता कळेल. माझ्या दृष्टीनं असा जोड महागड्या एकट्या नाण्यापेक्षा जास्त मोलाचा.

पैशाचंही बोलून टाकतो, नाहीतर तुझं समाधान व्हायचं नाही. बहुतेक आरपीएमला फार भाव नसतो. हजारो प्रकार नोंदलेले आहेत आणि त्यातले थोडेच असे आहेत की ज्यांच्यासाठी लोक रांग लावतात. मागणी असते ती साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्यांना, आडव्या अक्षरांना, आणि एसवर डी अशा अदलाबदलीला. कोपऱ्यातली केसाएवढी रेघ दाखवून कुणी मोठा आकडा सांगत असेल तर घेऊ नकोस. तेवढ्या पैशांत बँकेतून सेंटचे कितीतरी रोल येतात, पन्नास-पन्नासचे, आणि न लागलेले परत बँकेत देता येतात. त्यापेक्षा सुरक्षित शाळा मला दुसरी माहीत नाही.

पुस्तकं घे. जॉन वेक्सलर आणि टॉम मिलर यांचं ‘द आरपीएम बुक’ जुनं आहे पण पाया पक्का करतं. बिल फिव्हाझ आणि जे. टी. स्टँटन यांचं ‘चेरीपिकर्स गाइड’ नुसतं चाळलंस तरी डोळा तयार होतो. विकत परवडत नसतील तर कोलोरॅडो स्प्रिंग्जला जा, तुझ्यापासून गाडीनं फार लांब नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं मुख्यालय, संग्रहालय आणि ग्रंथालय तिथेच आहे, आणि सभासदांना पुस्तकं घरी नेता येतात. एरर नाण्यांच्या संग्राहकांची कोनेका नावाची संघटना आरपीएमना क्रमांक देते. तुझं नाणं त्यांच्या यादीतल्या कुठल्या क्रमांकाशी जुळतं ते फोटो शेजारी ठेवून बघ. घाई न करता, फिकट रेघेची जागा आणि डायच्या खुणा, दोन्ही जुळल्या तरच जुळलं म्हण.

आणि जुळलं नाही, पण अक्षर जाड आहे, पाठ गोल आहे, पोटात कमान आहे आणि तशीच दोन नाणी तुझ्या हातात आहेत, तर ते विकू नकोस आणि मलाही आधी पाठवू नकोस. नीट फोटो काढून यादी ठेवणाऱ्यांना कळव. नवे आरपीएम आजही नोंदले जातात, आणि तुझ्या शहरात छापल्या गेलेल्या डीची नोंद तुझ्याकडून झालेली मला आवडेल.